मामाची एट हंड्रेड

आमच्या मामाची मारुती ८०० म्हणजे ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि चिक्कार जिद्द. कार्ब्युरेटरवाली, सेकंडहँड घेतलेली. खंडाळ्याहून (सातारा जिल्ह्यातला, लोणावळ्याजवळचा नव्हे!) आठवड्यातून दोनदा ती आजीला डायलिसिससाठी साताऱ्याला नेते. गेल्या डिसेंबरात बाईसाहेब खंबाटकी घाटात बंद पडू लागल्या. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. डायलिसिसची वेळ चुकवून चालत नाही, त्यामुळे मामा गाडी विकायलाच निघाला. मेकॅनिकने इंजिनकामाचं एस्टिमेटही काढून ठेवलेलं.

मला ती पाच मिनिटं खटकत होती. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते म्हणावं, तर भर थंडीत सकाळी सातला? आयडलिंगला पेट्रोल लागतं थोडंसं, तुंबलेल्या फिल्टरमधूनही तेवढं येतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते आणि गाडी आचके देते. थांबल्यावर फिल्टरला चिकटलेला गाळ खाली बसतो, स्टार्टर मारला की वाटी परत भरते. प्रेशर ड्रॉप सरांनी फळ्यावर चार वेळा शिकवला, पण पटला तो इथे.

"मामा, आधी फिल्टर बदलू. शंभर-दीडशेचं काम आहे."

"अगं, तू कॉम्प्युटरवाली ना?"

"मेकॅनिकल रे मामा. तिसऱ्यांदा सांगतेय."

रविवारी इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि मामाची सिगारेट अंगणाबाहेर पाठवली. पक्कडीने क्लिपा सरकवल्या, खाली स्टीलचं पातेलं धरलं (मामी अजून माझ्याशी नीट बोलत नाही). जुन्या फिल्टरमधून पेट्रोल निघालं ते चहाच्या रंगाचं. टाकीचा गंज! रबरी नळ्यांच्या टोकांना भेगा होत्या. जुनं रबर आणि आताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यांचं पटत नाही, म्हणून नळ्या आणि क्लिपाही नव्या घातल्या. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे. बॅटरी जोडली. वाटी रिकामी, त्यामुळे पाच-सहा स्टार्टर खाल्ले, मग पकडली. टॉर्चने सगळे सांधे बघितले, थेंब नाही.

एमपीएफआय गाडीला मात्र असा थेट हात घालू नका. तिथे लाइनमध्ये प्रेशर असतं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, मग नळी.

मंगळवारी मामाचा फोन आला, घाटमाथ्यावरून. मागे आजी विचारत होती, "आज थांबलो कशाला?" विक्री तूर्त रद्द. पण टाकी धुतल्याशिवाय हाही फिल्टर भरणारच, त्यामुळे सेमिस्टर संपली की टाकी उतरवायची आहे. पातेलं यावेळी हॉस्टेलवरून नेईन.