गाठ, मीठ आणि कर्ज

चि. मधुरा हिस,


तुझं पत्र पोचलं. एम.एस्सी.ला असताना ‘सॉल्व्हंट’ म्हणजे प्रयोगशाळेतलं अ‍ॅसिटोन नाहीतर हेक्झेन. आता बँकेच्या कर्ज विभागात तोच शब्द कर्जदाराला लावतात, आणि तुला त्या दोहोंत नातं दिसेना. मला हा शब्द फार जवळचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ लॅटिन क्रियापद ‘सोल्व्हेरे’: सैल करणं, सोडणं. रोमन माणूस दोर सोडताना ते वापरी आणि देणं चुकतं करतानाही. यात नुसता अलंकार नव्हता. कर्जदार तिथे खरोखर बांधला जाई. इ.स.पूर्व पाचव्या शतकात रोममध्ये कायद्याच्या बारा पाट्या लागल्या. त्यांनुसार, देणं कबूल झालं किंवा निवाडा लागला की फेडीला तीस दिवस मिळत. त्यानंतर धनको त्या माणसाला दोरीने किंवा बेड्यांनी जखडून घरी नेऊ शके. ‘नेक्सुम’ नावाच्या व्यवहारात तर ऋणको पाच साक्षीदारांसमोर, तराजू आणि तांबं यांच्या साक्षीने स्वतःलाच गुंतवून घेई. सुटकाही तराजूपुढेच व्हायची. मी मोकळा झालो असं बोलून तो तराजूवर धातूचा ठोका देई. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की इ.स.पूर्व ३२६ मध्ये कायदा झाला आणि कर्जापायी देह बांधून घेणं थांबलं. क्रियापद मात्र टिकलं. रोमन कायद्यात फेडीचं नावच ‘सोलुत्सिओ’, सोडवणूक.

आता आपल्याकडे बघ. आपण नेसलेलं वस्त्र फेडतो, नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो आणि कर्जही फेडतो. गाठ सोडवतो, गणित सोडवतो, गहाण पडलेलं शेत सोडवतो. मराठीने हे लॅटिनकडून घेतलेलं नाही. कर्जाचा काच ज्यांनी अंगावर सोसला, त्या दोन्हीकडच्या लोकांना तो गाठीसारखाच जाणवला असणार, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीत सतराव्या शतकात ‘सॉल्व्हंट’चे दोन्ही अर्थ रुळले: देणं फेडू शकणारा, आणि विरघळवणारा द्रव. दुसरा अर्थ तू शिकलीच आहेस. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइड एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्याचा रेणू ऑक्सिजनच्या अंगाने सोडियमला वेढतो, हायड्रोजनच्या अंगाने क्लोराइडला, आणि ती पकड सुटते. पण शंभर ग्रॅम पाण्यात साधारण छत्तीस ग्रॅम मीठ विरघळलं की पुढचं मीठ तळाशीच राहतं. सोडवण्याच्या ताकदीलाही हद्द असते.

तू लातूरला आहेस, तर एखादा सॉल्व्हंट प्लांट आतून बघून घे. सोयाबीनमध्ये अठरा-वीस टक्के तेल. घाण्यात दाबून त्यातलं बरंच पेंडीतच अडकतं. म्हणून दाण्याचे पातळ पापुद्रे करून त्यांवरून हेक्झेन सोडतात. ते तेलाला पेंडीतून मोकळं करतं, आणि मागे राहिलेल्या तेल काढलेल्या पेंडीत, म्हणजे डीओसीत, जेमतेम टक्काभर तेल उरतं. हेक्झेन एकोणसत्तर अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तापवलं की वाफ होऊन तेलापासून वेगळं निघतं. थंड करून तेच पुन्हा कामाला लावतात. मला या कारखान्यातलं सगळ्यांत सुंदर काम हेच वाटतं.

आता पुन्हा कर्जाच्या अर्थाकडे. सरकारदरबारी सॉल्व्हन्सी सर्टिफिकेटला ‘ऐपतीचा दाखला’ म्हणतात. त्यात जमीन, घर, त्यांची किंमत, म्हणजे माणसाजवळ काय आहे तेच भरतात. नादार हा शब्दही तसाच, फारसीतून आलेला: ज्याच्याकडे काही नाही तो. माझ्या शाळेत गरीब मुलांना फी माफ होई, त्या माफीला नादारीच म्हणत. मूळ लॅटिन शब्द मात्र काय आहे हे विचारत नाही, सुटता येईल का ते विचारतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतही कंपनीविरुद्धच्या कारवाईचं दार उघडतं ते थकबाकीने. मालमत्ता किती आहे याने नाही.

तुझ्या टेबलावर रोज सात-बारे येतील. दहा एकरांचा धनी कागदावर भक्कम दिसेल. पण सोयाबीन घरात पडून, भाव उतरलेला आणि हप्ता मार्चअखेर, अशा वेळी त्याची जमीन हप्ता भरत नाही. पीक कधी विकलं जातं, पैसा कोणत्या महिन्यात हाती येतो, हे आधी विचारून मग हप्त्याची तारीख ठरव. नियमांत तेवढी मोकळीक असते का, ते मात्र मला कळव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा