डब्याशिवायचा शोध

चाळीसगाव, मार्गशीर्ष

चि. छकुलीस,

तुझ्या जिओकॅशिंगसाठी, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याच्या खेळासाठी, खानदेशात एखादी जागा हेर, म्हणालीस. पाटणादेवीच्या रानात साग आहे, सालई आहे, अंजन आहे. शिवाय हे गौताळा अभयारण्य. इथे डबा लपवायचा नाही, आणि लपवला तरी माकडं दुपारपर्यंत ठेवायची नाहीत! म्हणून विनाडब्याचा खेळ मांडलाय: जागेवरची खूण वाचायची आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

अमेरिकेने मे 2000 मध्ये जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दोन-तीन दिवसांत ओरेगॉनात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने या खेळातली पहिली बादली लपवली. तोच जीपीएस इथे कड्यांच्या कोंडाळ्यात गोंधळतो. संकेत कातळावर आपटून येतात, म्हणून मी महादेवाचं जुनं देऊळ शोधत झाडीत उभा आणि फोनवरचा ठिपका नदीच्या पात्रात! मुरलेले खेळाडू शेवटच्या दहा पावलांत फोन खिशात घालतात म्हणे. मी जरा आधीच घातला. लाकडाची मोळी घेऊन एक मावशी येत होत्या. "काय धुंडी ऱ्हायना भो?" त्यांनी हनुवटीनेच दिशा दाखवली. देऊळ तिथेच, घडीव दगडांचं, आपल्या जागी ठाम.

पण खरा ऐवज देवीच्या देवळातला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने 1207 साली त्या मठाला दान दिलं आणि ते दगडावर कोरलं गेलं. मठ गेला, इथलं पाटण नगरही ओस पडलं. पुढे डॉ. भाऊ दाजी लाडांनी हा लेख हुडकला आणि 1865 साली त्यावर लिहिलं. वंशावळ, स्तुती सगळं संस्कृतात, पण पैशापाण्याचा व्यवहार आला की लेख जुन्या मराठीत उतरतो. गिऱ्हाइकाला आणि तेल्याला कळायला हवं ना! बाजारातल्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला दिलाय, आणि चालत्या घाण्यांकडून तेलही.

तुझं कोडं: तेल किती? लिटर चालणार नाही, जुनं माप हवं.

— बाबा

धुळे

चि. छकुलीस,

निरोप पोचला. पळी पळी तेल, अगदी बरोबर.

इथे राजवाडे संशोधन मंडळात गेलो होतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या 31 डिसेंबरला याच गावात वारले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. या माणसाने आयुष्यभर जुनी दप्तरं धुंडाळली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 चा, एकूण 22. तुमच्या खेळात लपवणाऱ्याची इच्छा असते की कुणीतरी यावं. राजवाड्यांच्या वाट्याला उलटे लोक फार. बस्ता दाखवायचाच नाही, मग वाळवी लागली तरी चालेल. मला या खेळाडूचा हेवा वाटत नाही, पण त्याच्या चिकाटीपुढे आपला फोन फारच लाडावलेला वाटतो.

उद्या लळिंगच्या किल्ल्यावर. पुढचं कोडं तिथून पाठवतो, आणि या वेळी सोपं नसेल. आईला सांग, कळण्याचं पीठ घेतलंय. भरितासाठी हिरवी वांगी जळगावहून आणतो.

— बाबा