बिनदुधाचा डबा

दुधाने पोट दुखतं असं माझा मुलगा सांगत होता आणि मी ते नखरे समजत होते. पुढच्या सगळ्या चुका या एका चुकीतून निघाल्या, म्हणून ती आधी सांगते.

तो नंदुरबारच्या एका निवासी शाळेत नववीला होता. खाण्याच्या बाबतीत लहानपणापासून चोखंदळ. वांगं नको, भेंडी नको, भाजीचा रस पोळीला लागला तर पोळीसुद्धा नको. सकाळचं दूध प्यायलं की पोट फुगतं, तासाभरात संडासला पळावं लागतं, असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी त्या नकारांच्या यादीत आणखी एक नकार जोडला. “नाक दाबून पी, हाडं वाढायचं वय आहे,” हे माझं ठरलेलं उत्तर. तो पीत राहिला. पुढे वर्गातून उठून जावं लागू नये म्हणून तो नाश्त्यालाच जाईनासा झाला, आणि हे मला फार उशिरा कळलं.

दुधाचा एवढा आग्रह माझ्यात आला कुठून, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मी मावची आदिवासी घरातली. माझ्या माहेरी गाय-बैल होते ते शेतीसाठी. दूध वासराचं, असं आई म्हणायची. चहा कोरा, जेवण भाकरी, डाळ, भाजी, कधी मासळी. आम्ही भावंडं दुधावाचून मोठी झालो. मी शिकले, शिक्षिका झाले, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला स्थायिक झाले आणि फ्रिजमधलं दूध मला शिकलेल्या घराची खूण वाटायला लागलं. मुलाला रोज पेलाभर दूध देताना मी त्याला माझ्या लहानपणापेक्षा वरचं काही देते आहे, असं मला वाटायचं. त्याचं पोट काय सांगतं आहे, याकडे त्या समाधानामुळे माझं लक्ष गेलं नाही.

आमच्या गावात १९४२ सालापासून मिशनचा दवाखाना आहे. तपासायला नेणं अवघड नव्हतं. तरी मी सुट्टीत आला की बघू म्हणत राहिले. त्याचं वजन उतरलेलं दिसलं तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. बाळपणी ते भरपूर असतं. जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये अंगावरचं दूध सुटल्यावर ते हळूहळू कमी होत जातं आणि त्रास पुष्कळदा मोठ्या वयात जाणवू लागतो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो आणि जुलाब होतात. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या दुधावर गुजराण केली, त्यांच्यात हे विकर मोठेपणीही टिकवणारा जनुकीय बदल जास्त आढळतो. हे ऐकताना मला आईचं वासराबद्दलचं वाक्य आठवलं. ज्याला मी नखरा म्हणत होते ती आमच्या शरीराची सर्वसाधारण ठेवण असू शकत होती.

डॉक्टरांनी काही आठवडे दूध पूर्ण बंद करून बघायला आणि मग थोडं थोडं सुरू करायला सांगितलं. शाळेने दुपारचा डबा घरून पाठवायला परवानगी दिली. आमच्या शेजारचे एक भाऊ सकाळच्या पॅसेंजरने नंदुरबारला अप-डाऊन करतात. ते डबा शाळेच्या फाटकावर द्यायचे. हे काम त्यांनी कधी कंटाळा न करता केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता माझी दुसरी चूक. आधी मुलावर विश्वास नव्हता, आता प्रत्येक पदार्थाची भीती बसली. दूध, दही, ताक, तूप, पनीर सगळं एका फटक्यात बंद. चोखंदळ मुलाच्या ताटात आधीच मोजकं होतं, त्यातून मी कढी काढली, वरणावरचं तूप काढलं. खरं तर तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. दह्यात ते दुधापेक्षा कमी असतं आणि विरजणातले जिवाणू ते पचवायला मदतही करतात. लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक पेला दुधातलं लॅक्टोज, जेवणाबरोबर घेतलं तर फारसं बाधत नाही. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते, म्हणूनच डॉक्टरांनी पुन्हा थोडं थोडं देऊन बघायला सांगितलं होतं. मी बंद करण्याचा भाग पाळला आणि सुरू करण्याचा भाग सोडून दिला.

आणि एवढं सगळं बंद करूनही दूध डब्यात जातच होतं. प्रवासाला टिकते म्हणून मी दशमी करून द्यायचे. खानदेशात दशमी दुधात भिजवतात, तशीच मीही भिजवत होते, कारण हातांना ती सवय होती. दशमी खाऊन त्याला त्रास झाला की मी शाळेच्या जेवणाला दोष द्यायचे. खाऊ म्हणून दिलेल्या बिस्किटांच्या पुड्यांवर दुधाची भुकटी लिहिलेली असायची. आपल्याकडे पाकिटावर दुधासारखे ॲलर्जीकारक घटक छापणं बंधनकारक आहे, पण मी पाकिटाची मागची बाजू कधी वाचलीच नव्हती. ताकद यावी म्हणून दिलेल्या माल्टच्या पावडरीतही दूध होतंच.

तिसरी चूक पैशांनी केली. सुरतहून बदामाच्या दुधाचे डबे मागवले. ते महाग होतं, म्हणून चांगलं असणार, एवढाच माझा हिशोब. बाजारातल्या बहुतेक बदामदुधात प्रथिनं फार थोडी असतात, त्या मानाने सोयादुधात ती गाईच्या दुधाच्या जवळ जातात. शिवाय डबा एकदा फोडला की तो थंड ठेवायला वसतिगृहाच्या खोलीत फ्रिज कुठून येणार? दोन घोट घेऊन उरलेलं तो ओतून द्यायचा.

मग मी आकड्यांच्या मागे लागले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध गेलं तर ते आणायचं कुठून? शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तिळात त्याच्या कितीतरी पट, काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक सुक्या मासळीतही भरपूर. हे सगळं आमच्या भागातलंच. मग डब्यात नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी. कागदावर हा डबा उत्तम होता. मुलगा मात्र तो चाळीस मुलांच्या जेवणघरात उघडत होता. वास सुटला की बाकावरची मुलं सरकून बसायची. घरी आवडीने खाल्लेली सुकट त्याला तिथे नकोशी झाली आणि तसं सांगायचीही त्याला लाज वाटायची, कारण ते आजीच्या घरचं खाणं होतं.

डबा मात्र रोज रिकामा यायचा. धुऊन पुसून स्वच्छ. मी खूश होते. भेटीच्या एका रविवारी त्याच्या खोलीतला मुलगा म्हणाला, “काकू, तुमचे फुणके एक नंबर होते. या वेळी आणले का?” तूरडाळीचे वाफवलेले ते फुणके मी माझ्या मुलासाठी पाठवले होते. तो डबा वाटून टाकत होता आणि बदल्यात मित्रांची क्रीमची बिस्किटं खात होता. वजन का वाढत नाही आणि त्रास का थांबत नाही, याचं उत्तर त्या एका प्रश्नात मिळालं. मुलावर रागवायला मी तोंड उघडलं आणि गप्प झाले. इतक्या दिवसांत मी त्याला डब्यात काय हवं हे एकदाही विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं वही घेऊन बसलो. काय खाईन, काय खाणार नाही आणि काय फक्त घरी खाईन, असे तीन रकाने त्याने स्वतः भरले. तिसरा रकाना माझ्यासाठी नवा होता. सुकट, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा तिथे होता. पहिल्या रकान्यात होतं ते सगळं कोरडं, हाताने उचलता येणारं, मित्रांना देता येणारं. “मित्र मागतात, आई. मग मला उरत नाही,” असं त्याने सांगितलं. तेव्हापासून डबा मोठा घेतला आणि वाटणीचं वेगळं भरलं. वसतिगृहातला डबा एकट्यासाठी भरला तर तो आपल्या मुलापर्यंत पोचत नाही, हे मी तिथे शिकले.

मग जमत गेलं. भिजवलेली तूरडाळ भरड वाटून, मिरची-कोथिंबीर घालून वाफवलेले फुणके पुन्हा सुरू झाले. आमच्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे आणि ही डाळ फुणक्यांत फार चवदार लागते. नागली त्याला भाकरीत नको होती. उडदाच्या पिठात मिसळून, रात्रभर आंबवून केलेल्या धिरड्यात ती चालली. आंबवल्याने धान्यातलं फायटेट कमी होतं आणि कॅल्शियम शरीराला अधिक मिळतं, हा त्यातला जास्तीचा फायदा. धिरड्यात अंड्याची भुर्जी गुंडाळली की दुपारचं जेवण पुरं. अंड्याबाबतही माझ्या मनात जुनी अढी होती. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरातच सापडला आणि घरातून अंडी हद्दपार झाली, ती माझ्याकडून परत आलीच नव्हती. पूर्ण शिजवलेल्या अंड्याला भिण्याचं कारण नाही, हे समजून घ्यायला मला इतकी वर्षं लागली. गोडाला तीळ, शेंगदाणे आणि गुळाचे लाडू. तिळातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यातलं ऑक्झलेट ते अडवतं, म्हणून एकट्या तिळावर भिस्त ठेवायची नाही.

उन्हाळ्यात एक वेगळा धडा मिळाला. गाडी उशिरा आली आणि ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात आंबली. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात शिजवलेलं ओलं अन्न तासन्‌तास टिकत नाही. मार्चपासून भुर्जी आणि ओली चटणी बंद, त्याऐवजी कोरडी शेंगदाण्याची चटणी, कळण्याच्या पुऱ्या आणि नागलीचे पापड. फुणकेही पहाटे वाफवून, पूर्ण गार करून मगच डब्यात.

दह्याचं डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. आधी दोन चमचे, मग अर्धी वाटी, मग कढी. त्रास झाला नाही. फुणक्यांबरोबर कढी परत आली तो दिवस आमच्या घरात सणासारखा होता. जेवणासोबतचं वाटीभर दही आता त्याला चालतं आणि त्यातून बरंच कॅल्शियम भरून निघतं. पेलाभर दूध तो पीत नाही आणि मी देत नाही.

ज्या घरांत असाच डबा भरला जातो त्यांना काही गोष्टी मनापासून सांगते. लॅक्टोज न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. त्यात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकू शकतो, आणि मग थेंबभर दूधही चालत नाही, तूप-दहीसुद्धा नाही. माझ्या मुलाला जे चाललं ते अशा मुलाला देऊ नका. कोणता त्रास आहे हे आधी डॉक्टरांकडून नक्की करून घ्या.

रेक्टरना आणि भटारखान्यात लेखी द्या. मी फक्त तोंडी सांगितलं होतं. स्वयंपाकी बदलले, निरोप हरवला आणि खीर पुन्हा त्याच्या ताटात आली. तो दोष शाळेचा नव्हता. आता डॉक्टरांचं पत्र आणि काय चालतं, काय नाही याची यादी तिथे भिंतीवर लावलेली आहे, आणि ती यादी माझ्या मुलानेच लिहिली.

आणि मूल म्हणालं की अमुक खाल्लं की दुखतं, तर त्याच्या आवडीनिवडीचा जुना हिशोब त्या क्षणी बाजूला ठेवा. चोखंदळ मुलाचंही पोट खरंच दुखू शकतं. मी ते ऐकलं असतं तर त्याचं अर्धं वर्ष उपाशीपोटी वर्गात बसण्यात गेलं नसतं. डबा आता चांगला जातो, मुलगाही चांगला खातो, पण ते अर्धं वर्ष कुठल्याच डब्याने भरून येत नाही. म्हणून हे लिहिलं.