दुसरी वाट



आमचा वर्धा म्हणजे रेल्वेचा फाटा. नागपूरहून आलेली गाडी इथून एकतर मुंबईकडे जाते, नाहीतर बल्लारशाहकडे वळते. घरातल्या इंटरनेटलाही असा फाटा देता येतो, हे मला सत्तरीनंतर कळलं. भाच्याच्या पोरानं जुन्या संगणकावर लिनक्स बसवलं आणि त्याला दोन जोडण्या दिल्या. एक तारेची, एक मोबाईल सिमची.

"म्हणजे वेग दुप्पट का हो गुरुजी?" शेजारी विचारतात.

तसं नाही. लग्नाचं वऱ्हाड आठवा. निम्मं एसटीनं, निम्मं रेल्वेनं गेलं तर गर्दी वाटली जाते. पण एकच वऱ्हाडी अर्धा एसटीत नि अर्धा रेल्वेत कसा बसणार? जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ४.४ आवृत्तीपासून ही वाटणी पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता पाहून होते. त्यामुळे एका संभाषणाचे तुकडे दोन वाटांवर विखुरत नाहीत. वाटांना वजनही देता येतं. आमच्याकडे तारेला २, सिमला १.

एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या सौ.ला ऐकू फार कमी येतं. परदेशातल्या लेकीशी ती ओठ वाचून बोलते. आपल्याला चित्र थांबलं तरी आवाज पुरतो. तिचं मात्र चित्र थांबलं की लेकच थांबते. म्हणून तिच्या टॅबलेटला नियम घालून तारेची वाट राखून ठेवली. पोरांचे सिनेमे सिमवरून!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोडेमचा दिवा लागलेला असतो, पण पुढे कुठेतरी तार तुटलेली असते. हे लिनक्सला आपोआप कळत नाही. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट सतत बाहेर हाक मारून पाहते. उत्तर आलं नाही, की सगळं दुसऱ्या वाटेवर. चालू कॉल बहुधा तुटतो, पण पुन्हा लावला की लागतो.

मोठ्यांचंही असंच. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि इकडे भारतात इंटरनेट रांगू लागलं. तेव्हा बरीच वाहतूक पूर्वेच्या समुद्रमार्गानं वळवावी लागली.

दुसऱ्या जोडणीचा महिन्याचा खर्च पेन्शनरला जाणवतो, खोटं कशाला बोलू? पण ज्या घरात एकच माणूस डोळ्यांनी ऐकतो, तिथे ती चैन नव्हे.

असो. तुमच्याकडे कशी सोय आहे, जरूर कळवा.