घर एक, हिशोब दोन



पाचवीला शाब्दिक उदाहरणं शिकवताना यंदा मी घरचंच उदाहरण फळ्यावर लिहिलं. माझी बदली तालुक्याला झाली, म्हणून पुण्यातला आमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. पूर्ण घर एका कुटुंबाला दिलं तर महिना १६,००० रुपये. खोलीप्रमाणे दिलं तर तीन खोल्या, प्रत्येकी ७,०००. सांगा, फायदा कशात?

वर्ग एका सुरात ओरडला, "खोल्या द्या, बाई!"

मीही तेच केलं होतं. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलींना एकेक खोली दिली. वर्षाचे २,५२,००० व्हायला हवे होते. पण परीक्षा झाली की मुली गावी जातात. सगळ्या खोल्यांचे रिकामे महिने मिळून सात झाले, म्हणजे ४९,००० गेले. वीजबिल माझ्याकडे, त्याचे १८,०००. उरले १,८५,०००. कुटुंबाकडून मिळाले असते १,९२,०००! शिवाय कचरा कुणी टाकायचा, गॅस कुणी संपवला, ही भांडणं फोनवर मीच सोडवायची.

मुलांनी हिशोब वहीत उतरवला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मग बाई, त्या ताया आता कुठं जाणार?"

मी गप्पच झाले. आदल्याच आठवड्यात मी तिघींना घर सोडायला सांगितलं होतं. एकीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं.

त्या रात्री तिला फोन केला. मार्ग तिनेच सुचवला. पूर्ण घर तिघींनी मिळून १६,००० ला घ्यायचं. करार एकच, सह्या तिघींच्या. वीजबिल त्या भरणार. एखादी गेली तर दुसरी मैत्रीण त्याच शोधणार, मात्र तिला विचारूनच ठेवायचं आणि करारात तिचं नाव घालायचं, हे मी बजावलं.

तुम्हीही घर देत असाल तर एक लक्षात ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ओळखीवर सोडू नका.

दुसऱ्या दिवशी नवं उदाहरण दिलं: १६,००० भागिले ३. भागाकार ५,३३३, बाकी १. तो एक रुपया कुणी भरायचा, यावर वाद घालता घालता तास संपला.