दोन्ही बंद की एक?

अभ्यासात मागे पडलेल्या मुलाबद्दल आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे : "शाळा सोडवा आणि गॅरेजला टाका." पालक म्हणतात, मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणतात, कधी स्टाफरूममध्येही ऐकू येतं. गॅरेज म्हणजे डोकं लागत नाही अशी जागा, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

माझे मामू रत्नागिरीकडचे, उर्दू सातवी शिकलेले. चोवीस वर्षं ते शारजात ऑटो इलेक्ट्रिशियन होते. २०१९च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हा त्यांच्याकडे एक लाल माझदा एमएक्स-५ आली. या गाडीच्या पहिल्या पिढीला, म्हणजे १९८९ ते १९९७ दरम्यानच्या गाड्यांना, लपणारे हेडलाइट असतात. दिवसा ते बॉनेटमध्ये झाकलेले. बटण दाबलं की मोटर त्यांना उचलून बाहेर काढते. दोन दिव्यांना दोन स्वतंत्र मोटरी.

या गाडीचा उजवा दिवा नीट उघडत होता, डावा अर्ध्यावर येऊन थांबत होता. आधीच्या एका ठिकाणी मालकाला सांगितलं होतं, मोटर गेली, नवी मागवा. मामूंनी मला विचारलं, "मास्तर, दोन्ही बंद की एक?"

मग त्यांनीच समजावलं. दोन्ही बंद असतील तर दोघांत जे सामाईक आहे ते तपासायचं : फ्यूज, रिले, बटण. एकच बंद असेल तर सामाईक गोष्टी बहुधा ठीक आहेत, दोष त्या बाजूला शोधायचा : मोटर, तिचा प्लग, अर्थिंग. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर जास्त ताकदीचा फ्यूज बसवायचा नाही. तसं केलं तर फ्यूजऐवजी वायर जळते.

त्यांनी आधी फ्यूज काढला, कारण दिवा अचानक हलला तर बोटं चेंगरतात. मोटरीवरची रबरी टोपी काढून आतली गोल मूठ हाताने फिरवली. दिवा सहज वर आला, म्हणजे सांधे जाम नव्हते. मग फ्यूज लावून, मोटर चालू असताना मीटरची एक पिन मोटरीच्या अर्थिंगवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली. तिथे आकडा शून्याजवळ हवा. तो दोन व्होल्टच्या वर होता. म्हणजे करंटला परतीचा रस्ता मोकळा नव्हता. प्लग उघडला तर आतली एक पिन हिरवी पडलेली. समुद्राकाठची दमट हवा. पिन घासली, प्लग घट्ट बसवला, दिवा पूर्ण उघडला. नवी मोटर लागलीच नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. उर्दूच्या इमल्यात, म्हणजे श्रुतलेखनात, त्याची वही लाल शाईने भरायची. वडील त्याला गॅरेजला टाकायच्या विचारात होते. मी मामूंचा प्रश्न घेतला : सगळंच बंद आहे की एकच? गणित ठीक. मराठी उत्तम. म्हणजे कान, डोळे, बुद्धी शाबूत. दोष एकाच बाजूला होता.

चुका वेगळ्या काढल्या. 'सबक', 'सवाब', 'साबुन' हे तिन्ही शब्द तो सीनने लिहीत होता. उर्दूत 'सबक' सीनने, 'सवाब' सेने आणि 'साबुन' स्वादने लिहितात, पण बोलण्यात तिन्हींचा आवाज एकच. 'जरूर'मधल्या 'ज'सारख्या आवाजाला तर चार अक्षरं आहेत. मुलगा चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, तिथे 'स' एकच. तो कानाने अगदी बरोबर लिहीत होता. हे शब्द डोळ्यांनी लक्षात ठेवायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही वहीत अक्षरवार रकाने आखले आणि रोज पाच शब्द भरले. दिवाळीपर्यंत लाल शाई निम्म्यावर आली. वडिलांनी तो विचार सोडला.

उद्या त्याला गाड्यांचीच आवड लागली तर त्याने जरूर गॅरेजात जावं. ते इज्जतीचं काम आहे. पण तिथे कुणाला शिक्षा म्हणून पाठवू नये. मामूंच्या हाताखाली तपासल्याशिवाय एक मोटरसुद्धा बाद होत नसे. आपण मात्र एका वहीवरून अख्खं मूल बाद करतो.