हट्टामागचा माणूस

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. वृद्धाचा हट्ट हसण्यावारी नेण्याची ती एक सोयीची रीत आहे. परंतु मुलाचा हट्ट आणि म्हाताऱ्याचा हट्ट यांत मोठे अंतर आहे. मूल हट्ट करते ते काही तरी मिळावे म्हणून. म्हातारा हट्ट धरतो तो हाती उरलेले निसटू नये म्हणून. हे अंतर ज्या घराला उमगत नाही, त्या घरात एकाच छपराखाली दोन चुली पेटतात.

अशा दोन चुली मी जिंतूरला पाहिल्या. नोकरीच्या निमित्ताने परभणी जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी माझे काही वर्षे वास्तव्य होते. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताचा पसारा मोठा. मराठवाड्याच्या गावोगावी आपली कुटुंबे विखुरलेली. मोठ्या धर्मग्रामात दोघांनी अबोला धरला तर तो गर्दीत लपून जातो. चार-सहा कुटुंबे प्रार्थनेला एकत्र बसत असतील, तर एका अबोल्याने सारी ओळ तुटते. आमची ओळ तोडणारे गृहस्थ माझ्या शेजारीच राहत. सारी आळी त्यांना आबा म्हणे.

जिंतूरपासून काही मैलांवर पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ साली ते पूर्ण झाले. मिसरूड फुटण्यापूर्वीच आबा त्या कामावर माती वाहू लागले आणि काम संपेपर्यंत गवंडी झाले. धरणाच्या कमाईतून त्यांनी जिंतुरात जागा घेतली आणि तीवर स्वतःच्या हाताने दगडी घर बांधले. त्याच घरात त्यांचा संसार झाला, त्याच घरात पत्नीने डोळे मिटले. येलदरीचा विषय निघाला की आबा असे बोलत, की जणू सारे धरण त्यांनी एकट्याने उभे केले होते.

मात्र, पाण्याला बांध घालणाऱ्या या माणसाला रागाला बांध घालणे कधी जमले नाही. पलीकडचे शेजारीही ख्रिस्तीच. त्यांच्याशी आबांचा हातभर जागेवरून वाद होता. आबांच्या लिंबाचा पाला त्यांच्या अंगणात पडे, त्यांच्या नालीचे पाणी आबांच्या भिंतीत मुरे. नाताळात शेजारच्या बाईंनी पाठविलेले फराळाचे ताट वरचा रुमालही न उचलता परत गेले. संध्याकाळच्या प्रार्थनेत आबा खणखणीत आवाजात पुढाकार घेत. पण प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली, की त्यांचा आवाज खाली जाई आणि पुढच्या ओळीला पुन्हा वर येई.

घरातली तेढ याहून खोल होती. मुलाला दुकान घालायचे होते. कर्जासाठी घर त्याच्या नावावर हवे होते. तो म्हणे, आज ना उद्या ते माझेच व्हायचे आहे, मग आताच बक्षीसपत्र करून दिले तर काय बिघडते? आबांचे उत्तर एकच. "मी हाय तवर घर माझ्या नावावर ऱ्हाईल." बोलण्यातून बोलणे वाढले आणि आबांनी अंगणात वेगळी चूल मांडली. सत्तरी उलटलेला माणूस स्वतःची भाकरी स्वतः थापी. ती करपे, पण सुनेने झाकून ठेवलेल्या ताटाला ते हात लावत नसत. नातू दोन्ही चुलींच्या मध्ये उभा राहून कोठे बसावे या विचारात पडे.

आळीत सर्वांचा निकाल ठरलेला होता : म्हातारा हेकेखोर आहे. मला मात्र अशा वेळी पवित्र शास्त्रातील तोबीत आठवे. निनवे येथे परागंदा जिणे जगणारा हा धार्मिक पुरुष जिवावर उदार होऊन बेवारशी प्रेतांना मूठमाती देई आणि शेजारी त्याला हसत. पुढे चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून तो आंधळा झाला आणि पत्नी हन्ना विणकाम करून घर चालवू लागली. एकदा मालकांनी मजुरीवर तिला एक करडू दिले. तोबीतचा विश्वास बसेना; हे चोरीचेच असणार, परत कर, असा त्याने हेका धरला. तेव्हा तीही कडाडली, तुमची दानधर्माची पुण्याई आता कोठे गेली, असे तिने विचारले. आयुष्यभर दुसऱ्यांना देणाऱ्या माणसाला घेण्याची वेळ आली, आणि बायकोच्या कष्टाचा घास त्याच्या घशात अडकला. त्याचा संशय करडावर नव्हताच. परावलंबनाचे दुःख करडाच्या निमित्ताने बाहेर पडले. देवाच्या प्रेरणेने लिहिलेल्या ग्रंथात एका नीतिमान माणसाचे हे घरगुती भांडण जसेच्या तसे ठेवले आहे, याचा मला नेहमी आधार वाटतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यातही याची साक्ष आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या वडिलांचे सोवळे वर्णिले आहे. त्या सोवळ्यापायी सारे घर जेरीस येई. पण लक्ष्मीबाई केवळ विक्षिप्तपणा सांगून थांबत नाहीत. १८५७ च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली होती. त्या धसक्याशी त्या या सोवळ्याचा धागा जोडतात. बाहेरून जो हेका दिसत होता, त्याच्या मुळाशी भय होते. मुलीच्या लेखणीने ते मूळ ओळखले, म्हणून त्या वडिलांचा राग न येता कणव येते.

आबांचे भयही निराधार नव्हते. घर नावावर करून दिल्यावर वळचणीला आलेले म्हातारे त्यांनी पाहिले होते. अशांसाठीच २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना त्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. मूळ कायद्याने निर्वाहाच्या रकमेची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये ठेवली. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परतही मिळू शकते. २०२२ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सांगितले. २०२५ च्या दुसऱ्या निवाड्यात कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताकडे पाहून उदारपणे लावावा, असे म्हटले. म्हणून बक्षीसपत्र करायचेच झाले, तर सांभाळाची अट त्यात शब्दांत लिहावी. यात मुलांवर अविश्वास नाही. कायदा छप्पर देऊ शकतो, भाकरीचे पैसे देऊ शकतो. ताट वाढून समोर बसणारे माणूस मात्र त्याला देता येत नाही.

जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. तेथील पार्श्वनाथाची अवजड मूर्ती एका लहानशा दगडावर टेकलेली आहे. पाहणाऱ्याला ती अधांतरी भासते. म्हाताऱ्या माणसाचा मानही असाच एखाद्या लहान दगडावर तोललेला असतो. आबांचा तो दगड म्हणजे त्यांचे हात. घरातले सगळे त्यांचे घर मागत होते. त्यांचे हात कोणी मागत नव्हते.

ते मागितले सुनेने. मराठवाड्यात त्या सालचा उन्हाळा कडक होता, टँकरची वाट पाहण्याचे दिवस होते, आणि नेमका घरामागचा दगडी हौद गळू लागला. नवरा गवंडी बोलावतो म्हणाला. ती अंगणात आबांच्या चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "आबा, हौद झिरपायलाय. तुम्हीच बांधलेला, तुम्हालाच कळंल." आबा काही बोलले नाहीत. दुपारी थापी आणि ओळंबा बाहेर आला. तीन दिवस नातू सिमेंट कालवीत होता आणि आबा त्याच्यावर ओरडत होते. चौथ्या दिवशी ते न बोलावता स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. भाजीत मीठ कमी आहे, हे त्यांचे पहिले वाक्य. सुनेने मिठाचे भांडे पुढे सरकवले. अंगणातली चूल त्यानंतर पेटली नाही.

घर मात्र अखेरपर्यंत आबांच्याच नावावर राहिले. मुलाने दुकान भाड्याच्या जागेत घातले, आणि आबांनी आपणहून मृत्युपत्र करून घर त्याच्या नावे लिहिले. हातभर जागेचा वादही मिटला नाही. पण त्यांच्या शवपेटीला खांदा द्यायला पलीकडचे शेजारी सर्वांत आधी पुढे झाले, आणि त्यांच्या पत्नीने त्या दिवशी या घरी जेवण पाठविले. ते ताट परत गेले नाही.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील बर्जिल्ल्य ऐंशी वर्षांचा होता. दावीद राजाने त्याला यरुशलेमला नेऊन सांभाळायची तयारी दाखविली. मी तुम्हाला भार कशाला, माझ्या आई-बापांच्या कबरीजवळ मला मरू द्या, असे म्हणून त्याने नकार दिला आणि किम्हामला राजाबरोबर धाडले. दावीदने त्या नकाराला हट्ट म्हटले नाही. त्याने म्हाताऱ्याचे चुंबन घेतले, आशीर्वाद दिला आणि त्याला त्याच्या गावी जाऊ दिले. वृद्धांचा प्रत्येक नकार मोडून काढणे म्हणजे सेवा नव्हे, हे राजालाही कळले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिवस सुरू केला. संत योआकीम व संत अन्ना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ, जुलैच्या चौथ्या रविवारी तो येतो. त्या दिवशी शाल आणि फूल देऊन वृद्धांचा सत्कार अवश्य व्हावा. पण त्याबरोबर प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या आबांना त्यांच्याच हातचे एखादे काम सांगावे, आणि ते करताना त्यांची बोलणी खाऊन घ्यावीत. एखादी जपमाळ ओवून द्या म्हणावे, शेतातली जुनी विहीर कशी बांधली ते विचारावे, लोणच्याला मीठ किती ते विचारावे. उत्तर बहुधा रागानेच येईल. तरीही ते ऐकायला समोर बसावे.